एकच नवरा, दोन चित्रं

माझ्याकडे निळा रंग नाही. हे मी गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगितलं की भांडण होतं. पांढरा, पिवळी माती, शेंदरी आणि काळा, एवढ्या चार नळ्या. कुंभकोणममध्ये तेलरंगात माणसं रंगवून पोट भरणारे फारसे उरले नाहीत, आणि जो उरला आहे तो असा. तरीही माझ्या बायका मोरपंखी रेशमात झोकात बसलेल्या असतात. माझ्या म्हणजे चित्रांतल्या. घरची एकच आहे आणि ती हे वाचणार आहे.

जादू अशी. काळ्यात पांढरा घातला की राखाडी होतो. नुसता राखाडी म्हणजे धुतलेलं फरशीपुसणं. पण त्याला शेंदरी काठ लावा, की तोच राखाडी डोळ्याला निळा दिसू लागतो. काळ्यात पिवळी माती मिसळली की केळीच्या पानाच्या जवळपास जाणारा हिरवा. एका निवृत्त हेडमास्तरांना पटेना. त्यांच्या बायकोची साडी निळी झाली होती, म्हणजे निळी नळी मी कुठेतरी लपवली असणार. त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. मग मी त्यांना काठावर हात ठेवायला सांगितला. ठेवला, निळा गेला. काढला, निळा आला. सात-आठ वेळा त्यांनी दिव्याचं बटण दाबावं तसा हात वरखाली केला आणि म्हणाले, "शुद्ध फसवणूक आहे ही!"

"होय सर. पण चारच रंगांत."

हे चार रंग मला माझ्या गुरूंनी दिले. त्यांना आम्ही वाध्यार म्हणायचो; तमिळमध्ये मास्तरला तसं म्हणतात. त्यांचं म्हणणं, रंग जास्त झाले की माणूस रंग निवडत बसतो आणि समोरच्याकडे बघायचं राहून जातं. बघायला ते शिकवत. गोरं करायला मात्र मला गिऱ्हाइकांनी शिकवलं. "मामांस थोडं उजळ करा," असं ज्या घरात कोणी म्हणालं नाही, ते घर मला अजून भेटायचं आहे. किती सावळी, देखणी माणसं मी ताकासारखी करून त्यांच्या भिंतींवर पाठवली! त्याची लाज वाटते. पण ती चित्रं परत कोण देतो?

आणखी एक खोड सांगतो. मला बसून रंगवता येत नाही. एक फटकारा मारायचा, सात पावलं मागे जायचं, बघायचं, सात पावलं पुढे यायचं. दिवसभर हेच. माझी खोली माडीवर आहे आणि खाली शिंपी आहे. तो सगळ्यांना सांगतो की वर पोलीस गस्त घालतात.

मागच्या वर्षी मात्र ही गस्त इतकी वाढली की शिंपी स्वतः वर आला. झालं होतं ते असं.

आमच्यापैकीच एक घर. आमच्यापैकी म्हणजे तंजावरच्या दरबारामागोमाग इकडे आलेली, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ बोलणारी माणसं. आमची मराठी ऐकून पुण्याकडचे पाहुणे हसतात. त्यांच्या पणज्या असं बोलत असत म्हणे. ह्या घरचे थोरले माधवराव. पितळी भांड्यांचं दुकान. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. एका सकाळी ते जिना चढून आले आणि खिशातून एक जुना फोटो काढून टेबलावर ठेवला.

"व्यंकू, रघूचं चित्र पाहिजे."

रघू त्यांचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांपूर्वी दोन समया गोणपाटात बांधून तिरुप्पनंदाळच्या बसमध्ये बसला. समया गिऱ्हाइकाला पोचल्या. रघू परत आला नाही. पोलीस झाले, ज्योतिषी झाले, काही नाही. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता, बायको सक्कूबाई तेहतिशीची आणि मुलगी जयंती पाच वर्षांची. आता जयंतीचं लग्न ठरलं होतं.

"पहिली पत्रिका देवापुढे आणि पूर्वजांपुढे ठेवायची," अण्णा म्हणाले. "लग्नाच्या दहा दिवस आधी. तोवर चित्र होऊ दे. भिंतीवर आप्पांच्या फोटोशेजारी लावू. चंदन लावू, फुलं घालू."

"अण्णा, फुलं घालायची म्हणजे..."

"म्हणजे काय ते तुज ठाऊक. मज बोलायास लावू नको. आणि सक्कूस सांगू नको."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे भिंतीवरच्या माणसाच्या फ्रेमला मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, सर आणि कपाळाला चंदन-कुंकू लागलं, की तो माणूस वारला. कागदपत्र काहीही म्हणोत. आणि तो वारला की त्याची बायको विधवा. सक्कूबाईंनी एकोणीस वर्षं एक दिवसही कुंकू सोडलं नव्हतं, की केसांत फुलं माळायची सोडली नव्हती. रघूच्या चित्राला हार चढला, तर मुलीच्या मंगळसूत्राच्या वेळी त्या मांडवात पुढे उभ्या राहू शकणार नव्हत्या. मागे, स्वैपाकघराच्या दाराशी. आजकाल कोणी असलं पाळत नाही, असं आपण म्हणतो. म्हणतोच.

दुसऱ्या दिवशी सक्कूबाई आल्या. हातात भाजीची पिशवी. पिशवीतून कोथिंबीर काढली, मग कढीलिंब काढला, मग तळातून त्याच फोटोची दुसरी प्रत काढली.

"व्यंकू, हे कर. पण असे नको करू. आताचे कर."

"आताचे म्हणजे, अक्का?"

"सत्तावन्न वर्षांचे. केस पिकलेले. जिवंत माणूस एकोणीस वर्षं अडतीसचाच कसा राहील? मांडवात खुर्चीवर ठेवीन. म्हाताऱ्या माणसाच्या चित्रास कोण मेला म्हणेल? मेलेले सगळे तरुण फोटोत असतात." त्यांनी कोथिंबीर पुन्हा पिशवीत कोंबली. "भावजींस सांगू नको."

मी दोघांनाही हो म्हटलं. का म्हटलं? एक तर मला नाही म्हणता येत नाही. दुसरं म्हणजे, खरं सांगतो, मला मजा वाटली. एकाच फोटोतून एक मेलेला आणि एक जिवंत! असं काम कोणत्या चित्रकाराकडे चालत येतं? घरी सांगितलं तर बायको वातींचा कापूस वळत होती. मान वर न करता म्हणाली, "एकाच माणसास इकडे मारता आणि तिकडे म्हातारा करता. ब्रश तरी वेगळे घ्या."

चित्र टेकवायचे दोन लाकडी घोडे शेजारी शेजारी उभे केले. तरुण रघू चार दिवसांत आला. फोटोत होता तसाच, किंचित हसरा, एक भुवई वर. आणि शपथेवर सांगतो, मी त्याला उजळ केला नाही. तो सावळा होता, सावळाच ठेवला. शेंदरी, पिवळी माती आणि काळा, आणि कपाळावर खिडकीतला उजेड पडतो तिथे राखाडीचा एक फटकारा, तो निळसर दिसणारा. सात पावलं मागे गेलो तर रघू "काय व्यंकू?" म्हणेल असं वाटलं. पुन्हा सात पावलं पुढे गेलो आणि कॉलरचं बटण रंगवत बसलो, उगाच.

म्हातारा काही केल्या येईना. वय रंगवणं तसं सोपं. ओठांतला शेंदरी काढून घ्यायचा, गालांतला खाली सरकवायचा, डोळ्यांखाली काळ्याची सावली द्यायची. पण कातडी कुठे लोंबेल? पापणी कोणत्या कोपऱ्यात पडेल? ते फोटोत नसतं. वय हवेतून आणता येत नाही, ते कोणाच्या तरी तोंडावरून उचलावं लागतं. मग मी उचललं. अण्णा एक दिवसाआड चौकशीला यायचे. मी त्यांना खिडकीपाशी बसवायचो, कॉफी द्यायचो, पितळेच्या भावाचं विचारायचो आणि ते बोलत असताना त्यांच्या गालफडांची, लांबलेल्या कानाच्या पाळ्यांची, जड डाव्या पापणीची चोरी करायचो. सख्खे भाऊ एकाच साच्यात म्हातारे होतात. ते गेले की म्हाताऱ्यावरचं कापड काढायचं आणि चोरीचा माल लावायचा.

आणि तरुण चित्राचं काय केलं, ते कबूल करतो. लवंगेचं तेल. दातदुखीवर लावतात तेच. तेलरंगात त्याचे थेंब घातले की रंग आठवडेच्या आठवडे वाळत नाही. वाध्यार उन्हाळ्यात ताटलीतले रंग वाया जाऊ नयेत म्हणून एखादा थेंब घालायचे. मी रंगात बाटलीभर तेल घालून रघूच्या चेहऱ्याला नि सदऱ्याला सगळा वरचा हात पुन्हा दिला. ओल्या चित्राला हार कोण घालील? फुलं चिकटतील, चंदन लावायला गेलं तर कपाळच बोटाला येईल. लग्न बावीस दिवसांवर होतं. रघू तोपर्यंत काही केल्या मरू शकत नव्हता.

अण्णा आले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग बोट लावलं, तर बोट काळं.

"अजून ओलं?"

"काळा रंग अण्णा. फार हट्टी असतो. त्यात ही दमट हवा."

त्यांनी बोट नाकाशी नेलं. "लवंगेचा वास येतो."

"दात," मी म्हणालो आणि गाल धरला. इतका छान धरला की खरंच दुखू लागला.

"पट्टीश्वरमला एक डॉक्टर आहे, त्यास दाखव," अण्णा म्हणाले, आणि वळले. वळताना त्यांच्या खांद्याला दुसऱ्या घोड्यावरचं कापड लागलं आणि खाली घसरलं.

अण्णा बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उमलला.

"अय्यो! हे माझं केलंस? मी कोठे सांगितलं होतं? अरे, सदरा माझा नव्हे, पण तोंड... काय केलंस रे व्यंकू!"

"लग्नाचा आहेर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ते आनंदाने जिना उतरले आणि मी सात पावलं मागे जाऊन पाहिलं. खरंच की. अण्णाच! रघूचा नुसता सदरा. चोर इतका माल घेऊन आला होता की घरात मूळ मालकाला जागाच उरली नव्हती. पुढचे चार दिवस मी वेड्यासारखा येरझाऱ्या घालत होतो. भुवई वर उचलली तर आश्चर्यचकित अण्णा. हसू आणलं तर लाचार अण्णा. मिशी काढली तर मिशी काढलेले अण्णा. शिंपी वर आला तो ह्याच दिवसांत. म्हणाला, "सार, एक तर बसा, नाहीतर बाहेर जाऊन चाला. माझ्या टाचण्या उडतात."

आणि सक्कूबाई ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी आल्या. बरोबर जयंती. ती चेन्नईत नोकरी करते, खरेदीसाठी रजा घेऊन आली होती. मी दारातच आडवा झालो.

"अक्का, अजून झालं नाही. परवा या."

"बाजूस हो."

झालो. त्या थेट म्हाताऱ्यापाशी गेल्या. मी सात पावलं मागे गेलो आणि माझी पाठ भिंतीला लागली.

"हे भावजी," त्या म्हणाल्या.

"अक्का, दोन दिवस द्या, मी..."

"एकोणीस वर्षं ह्या तोंडाची वाट पाहत होते मी?" आणि त्या हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत हसत होत्या. जयंती घाबरली. "आई, अगं..." म्हणाली. हसण्याचं केव्हा दुसरं काही झालं ते मला कळलं नाही. मी चार नळ्या ओळीत लावायला घेतल्या. लावून झाल्यावर पुन्हा विस्कटल्या आणि पुन्हा लावल्या.

मग त्यांचं लक्ष शेजारच्या घोड्याकडे गेलं. तरुण रघू, एक भुवई वर. त्यांनी विचारलं नाही की हे कोणी सांगितलं. त्यांना कळलं.

जयंती पुढे आली. "हे बाबा?" ती म्हणाली. "मला तोंड आठवतच नाही, मामा. सायकलच्या पुढल्या दांडीवर बसायची ते आठवतं. मागून आवाज यायचा." ती वळून दोन्ही चित्रांकडे बघत होती, एकदा इकडे, एकदा तिकडे. तिच्या होणाऱ्या नवऱ्यात आणि ह्या तरुणात फार तर दहा वर्षांचं अंतर असेल, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

एवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. अण्णा. हातात केळीच्या पानात गुंडाळलेला मल्लीचा सर, चांगला चार हात लांब. पत्रिकेचा दिवस तोच होता आणि त्यांना थांबायचं नव्हतं.

"ओलं तर ओलं, व्यंकू, फ्रेमीवरून सोडू, आत लागणार नाही," असं बोलतच ते आत आले, आणि सक्कूबाईंना पाहून उंबऱ्यातच थबकले.

माझ्यासारख्या नाटकी माणसाला इतका चांगला प्रवेश आयुष्यात मिळाला नव्हता, आणि मी ब्रश पुसायला घेतले.

"सक्कू," अण्णा म्हणाले, "मज क्षमा कर. बारा वर्षं भरली तेव्हा गुरुजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून दहन करा. मी केलं. कावेरीस, एकटा जाऊन. सात वर्षं झाली. दर वर्षी तिथी करतो. तुज सांगितलं नाही."

"ठाऊक आहे," सक्कूबाई म्हणाल्या. "दर वर्षी त्या दिवशी तुम्ही आमच्या घरी जेवत नाही. काही तरी कारण सांगता. मज ठाऊक आहे."

सात वर्षं दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती! आणि मी मूर्ख बाटलीभर लवंगेचं तेल खर्चून त्यांच्या मधे उभा होतो.

सक्कूबाई तरुण चित्रापाशी गेल्या, वाकल्या, वास घेतला.

"व्यंकू. हे किती दिवस ओलं राहील?"

"महिना, अक्का. जास्तच."

"लग्न दहा दिवसांवर. पुरे. ते वाळले की हार घालू. तोवर मी मांडवात पुढे उभी राहीन. भावजी, चालेल?"

अण्णांनी मान हलवली.

"आणि मुलगी तुमच्या मांडीवर बसेल." आमच्या काही घरांत तमिळ शेजाऱ्यांची ही रीत मुरली आहे: मंगळसूत्र बांधताना नवरी बापाच्या मांडीवर बसलेली असते. ही मांडी कोणाची, ह्यावरूनच त्या घरात सहा महिने धुसफूस चालली होती; खुर्चीवर चित्र ठेवायचा अक्कांचा बेतही त्यातूनच निघाला होता. "म्हातारे झाले असते तर असेच दिसले असते," त्या दुसऱ्या चित्राकडे बोट करून म्हणाल्या. "व्यंकूनं दाखवलं. तर तुम्हीच बसा."

"ते चित्र माझं नव्हतं?" अण्णांनी मला विचारलं. इतक्या निरागसपणे, की जयंती फस्सकन हसली.

"आता तुमचंच आहे, अण्णा. घरी घेऊन जा."

मग प्रश्न उरला फुलांचा. अण्णा त्या चार हात मल्लीकडे बघत उभे होते, खाली ठेवता येईना, घालता येईना. शेवटी ते जयंतीकडे वळले. "पोरी, वाया कशास घालवायची? आईस माळ." त्यांनी स्वतःच दातांनी दोरा तोडून सराचे दोन तुकडे केले. एक सक्कूबाईंच्या केसांत गेला, एक जयंतीच्या. मृताचा हार! शास्त्रात ह्याला काय म्हणतात मला माहीत नाही, आणि विचारणारही नाही. खोलीत इतकी मल्ली दरवळली की लवंगेचा वास गेला.

लग्न थाटात झालं. अण्णा मांडीवर पुतणीला घेऊन ताठ बसले होते आणि मंगळसूत्राच्या वेळी पाय बधीर झाला तरी हलले नाहीत. सक्कूबाई सगळ्यांच्या पुढे होत्या, मोरपंखी साडीत. ती खरोखरची निळी होती. मी पहिल्या पंगतीला जेवलो.

त्यालाही आता सहा महिने होऊन गेले. म्हातारा अण्णांच्या दिवाणखान्यात लागला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगतात की सदरा तेवढा भावाचा आहे. तरुण रघू माझ्याकडेच आहे. तो केव्हाच वाळला. ठोकून पाहिलं तर दगडासारखा वाजेल. मला हुरहूर लागते, कापड टाकतो, काढतो, त्याच्यासमोरून येरझाऱ्या घालतो. पूर्ण झालेलं चित्र स्वतःकडे ठेवून मला झोप येत नाही.

दर शुक्रवारी सक्कूबाई भाजी घेऊन जाताना खालून, शिंप्याच्या दारातून हाक मारतात. कुंकू आणि फुलं जशीच्या तशी.

"व्यंकू! वाळलं का?"

मी खिडकीत येतो.

"नाही, अक्का. अजून ओलं आहे."

"सेरि," त्या म्हणतात, म्हणजे बरं, आणि पुढे जातात.